कल्याण ते खोडद : देवाणघेवाणीच्या जुन्या वाटेवर

फेब्रुवारी सरत आला की जुन्नर तालुक्यातील उन्हाला धार येऊ लागते. शेतांत कांद्याची काढणी सुरू असते, द्राक्षबागांमध्ये माल उतरवण्याची घाई असते आणि नारायणगावच्या बाजारात पहाटेपासून गाड्यांची रीघ लागते. या दिवसांत, नेमक्या २८ फेब्रुवारीला, नारायणगावाहून पूर्वेकडे खोडदला जाणारा साधारण दहा किलोमीटरचा रस्ता वेगळेच रूप घेतो. एस.टी.च्या गाड्या, शाळांच्या बस, महाविद्यालयीन तरुणांच्या दुचाकी आणि डोईवर पदर घेतलेल्या आयाबायांना घेऊन निघालेले टेंपो एकाच दिशेने जात असतात. परका मनुष्य विचारतो, “आज कुठल्या देवाची जत्रा?” जत्रा खरीच असते. मात्र ती राष्ट्रीय विज्ञान दिनाची असते.

उसाच्या फडापलीकडे अकस्मात पहिली तबकडी दिसते. पंचेचाळीस मीटर व्यासाची, तारांच्या जाळीची, आकाशाकडे तोंड केलेली. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ म्हणजेच जीएमआरटी या नावाने जगभर ओळखली जाणारी ही महादुर्बीण खोडदच्या शिवारात उभी आहे. तिचा संसार मात्र पुण्यात, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. त्या आवारातून निघून खोडदला आणि खोडदवरून नाणेघाटाला जो जाईल, त्याला आशियाच्या वारशाचा अर्थ एका दिवसाच्या प्रवासात उलगडेल.

गणेशखिंडीतले अंगण

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ साली झाली. गणेशखिंडीतील ज्या इमारतीत इंग्रज गव्हर्नर पावसाळा घालवीत, ती विद्यापीठाची मुख्य इमारत झाली आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. पुढे या शहरात शिकण्यासाठी इराण, अफगाणिस्तान, नेपाळ, येमेन अशा कितीतरी देशांतून तरुण येऊ लागले. विद्यापीठाच्या परिसरात आणि शहरातील महाविद्यालयांत वर्षातून एखादा दिवस त्यांच्या नावाचा असतो. त्या दिवशी अफगाण तरुण आपला पेहराव करून येतात, इराणी मुली नवरोजची मांडणी समजावून सांगतात, नेपाळी विद्यार्थी मादल वाजवतात. पदार्थांच्या टेबलांपुढे गर्दी होते, छायाचित्रे काढली जातात आणि सायंकाळी मांडव उतरतो.

असे सोहळे निरर्थक नसतात. परक्या मुलखात एकट्याने राहणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या भाषेतले गाणे चार लोकांपुढे म्हणता येणे ही मोठी गोष्ट असते. परंतु वेश, वाद्य आणि वाटीभर पदार्थ एवढ्यावर वारसा संपत नाही. याच विद्यापीठात त्याची अधिक शांतपणे चाललेली उपासना दिसते. येथे पाली भाषेचा विभाग आहे. संस्कृत आणि प्राकृत भाषांचा विभाग आहे. सोलापूरच्या व्यापारी घराण्यातील सेठ हिराचंद नेमचंद यांच्या नावाचे जैन अध्यासन आहे. फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे परकीय भाषांचे वर्ग चालतात आणि तेथे जपानी शिकणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. पुण्याचा आणि जपानचा हा स्नेह सिंहगड रस्त्यावरच्या बागेतही दिसतो. ओकायामा शहरातील कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर उभारलेल्या त्या बागेला पु. ल. देशपांडे यांचे नाव दिलेले आहे.

विद्यापीठाच्या याच आवारात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. त्याच्या शेजारी ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठीय संस्था आहे. चार्ल्स कोरिया यांनी आयुकाची वास्तू रचली. तिच्या अंगणात न्यूटन, गॅलिलिओ आणि आइन्स्टाइन यांच्या सोबतीला आर्यभट उभे आहेत. रेडिओ केंद्र विद्यापीठाचा विभाग नसले तरी शेजार एकच आहे. प्राकृत शब्दाची व्युत्पत्ती शोधणारा विद्यार्थी आणि दूरच्या ताऱ्याची नाडी मोजणारा विद्यार्थी एकाच रस्त्याने चहाला जातात. त्यांतला दुसरा आपल्या कामासाठी ज्या दुर्बिणीवर विसंबून असतो, ती येथून सुमारे ऐंशी किलोमीटरवर खोडदला आहे.

चार नद्या ओलांडून

पुण्याहून नाशिककडे जाणारा महामार्ग एकापाठोपाठ एक नद्या ओलांडतो. मोशीला इंद्रायणी, राजगुरुनगरला भीमा, मंचर मागे टाकल्यावर कळंबजवळ घोड आणि नारायणगावात मीना. मंचर हे आंबेगाव तालुक्यातले मोठे बाजाराचे गाव. नारायणगावची ओळख दुहेरी आहे. टोमॅटोचा बाजार आणि तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या नावातच हे गाव आहे. मोसमात येथे राज्याबाहेरचे व्यापारी मुक्काम ठोकतात, क्रेटच्या थप्प्या लागतात आणि दराची चर्चा चहाच्या कपाबरोबर तासागणिक बदलते.

जवळच आर्वी गावात १९७१ साली उपग्रहाशी संपर्क साधणारे भूकेंद्र सुरू झाले. अहमदाबादच्या जैन गिरणीमालक घराण्यात जन्मलेले शास्त्रज्ञ विक्रम साराभाई यांचे नाव त्या केंद्राला मिळाले. म्हणजे या मुलखाने आकाशाशी बोलायला जीएमआरटीच्या आधीच सुरुवात केली होती. आर्वीने आकाशाशी संवाद साधला. खोडदच्या वाट्याला केवळ ऐकण्याचे काम आले.

ऐकण्यासाठी शांतता लागते. रेडिओ दुर्बीण प्रकाश पाहत नाही. ताऱ्यांकडून, दीर्घिकांकडून आणि त्यांच्यामधल्या वायूकडून येणाऱ्या रेडिओ लहरी ती टिपते. त्या लहरी इतक्या क्षीण असतात की शहरातील प्रक्षेपण केंद्रे, मोबाइलचे मनोरे, गाड्यांच्या ठिणग्या यांच्या गोंगाटात त्या पार बुडून जातात. चंद्रावर एखादा साधा मोबाइल चालू करून ठेवला, तर तोही आकाशातील ठळक रेडिओ स्रोतांमध्ये गणला जाईल! म्हणून पुण्यापासून पुरेसे दूर, तरीही रोज जा-ये करता येईल इतके जवळ, डोंगरांनी वेढलेले, वादळवाऱ्याचा फारसा त्रास नसलेले ठिकाण हवे होते. या सगळ्या अटी खोडदने पुऱ्या केल्या.

जाळीची दुर्बीण

या दुर्बिणीचे शिल्पकार प्रा. गोविंद स्वरूप. उत्तर प्रदेशातील ठाकुरद्वारा येथे १९२९ साली जन्मलेले स्वरूप अमेरिकेतील अध्यापन सोडून १९६३ साली होमी भाभांच्या संस्थेत दाखल झाले. त्यांची भारतातील पहिली रेडिओ दुर्बीण १९६५ साली उभी राहिली ती कल्याणला. ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या बत्तीस लहान तबकड्यांची ती रांग होती. पुढे १९७० साली उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची मोठी दुर्बीण झाली. उताराचा कल त्या जागेच्या अक्षांशाएवढा असल्याने दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहिला आणि यंत्रणा सोपी झाली. जे निसर्गाने दिले आहे त्याचा उपयोग करावा आणि पैसा जपून खर्चावा, ही या शास्त्रज्ञाची रीत होती. कोणत्याही पेढीवर ती शोभली असती.

उटीनंतर स्वरूप यांनी त्याहून मोठे स्वप्न पाहिले. विषुववृत्तावर, केनियात किंवा इंडोनेशियात, एक महाकाय रेडिओ दुर्बीण उभारावी, आशिया आणि आफ्रिकेतील विकसनशील देशांनी ती मिळून चालवावी आणि त्यांच्या तरुणांना विज्ञानासाठी पश्चिमेकडे हात पसरावे लागू नयेत, अशी ती योजना होती. ती प्रत्यक्षात आली नाही. मात्र त्या स्वप्नामागचा विचार वाया गेला नाही. १९८०च्या दशकात जीएमआरटीची कल्पना पुढे आली, नव्वदच्या दशकात खोडदला तबकड्या उभ्या राहिल्या आणि ४ ऑक्टोबर २००१ रोजी ही दुर्बीण जगाला अर्पण झाली.

एकूण तबकड्या तीस. त्यांपैकी चौदा मध्यवर्ती भागात सुमारे एक किलोमीटरच्या टापूत दाटीने आहेत. उरलेल्या सोळा इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन बाहूंसारख्या आजूबाजूच्या गावांच्या शिवारांत पसरलेल्या आहेत. एका टोकाची तबकडी दुसऱ्या टोकापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे. प्रत्येकीने ऐकलेले प्रकाशतंतूंच्या तारेतून मध्यवर्ती इमारतीत आणून एकत्र केले जाते, तेव्हा पंचवीस किलोमीटर रुंदीच्या एकाच दुर्बिणीने पाहावे तसे बारकाईने दिसू लागते.

एवढ्या मोठ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या, तर त्यांचे वजन आणि वाऱ्याचा जोर पेलण्यासाठी अफाट पोलाद लागले असते. स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळा मार्ग काढला. तबकडीच्या सांगाड्यावर पोलादी दोर ताणून त्यांवर बारीक तारेची जाळी बसवली. या दुर्बिणीकडे येणाऱ्या लहरींची लांबी सुमारे वीस सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत. जाळीची छिद्रे त्या मानाने फारच लहान. त्यामुळे चाळणीतून गहू न पडावा तशी लहर जाळीवरून परततेच आणि वारा मात्र आरपार निघून जातो. कमी वजन, कमी खर्च आणि पूर्ण काम! विद्युत अभियंत्यांच्या ‘आयईईई’ या जागतिक संस्थेने २०२० साली या दुर्बिणीला ‘माइलस्टोन’चा बहुमान दिला. भारतात त्याआधी हा मान जगदीशचंद्र बोस आणि चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या संशोधनालाच मिळाला होता. त्याच वर्षी, ७ सप्टेंबरला, गोविंद स्वरूप यांचे निधन झाले.

या दुर्बिणीचा वापर करण्यासाठी जगातील कोणत्याही देशाच्या शास्त्रज्ञाला वर्षातून दोनदा प्रस्ताव पाठवता येतो. राष्ट्रीयत्व विचारले जात नाही, प्रस्तावाची योग्यता पाहिली जाते. मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपच्या ‘शियापारेली’ यानाचा क्षीण आवाज १९ ऑक्टोबर २०१६ रोजी थेट टिपला तो खोडदच्या तबकड्यांनीच. पुढे २०२० साली पुण्याच्या शास्त्रज्ञांनी याच दुर्बिणीने सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधील हायड्रोजन वायूचे मोजमाप केले.

आकाशाची वहीखाते

आशियाला आकाशाची नोंद ठेवण्याची सवय फार जुनी आहे. १०५४ साली वृषभ राशीत एक नवा तारा अचानक प्रकटला. चिनी दरबारातील ज्योतिर्विदांनी त्याला ‘पाहुणा तारा’ म्हटले आणि तो तेवीस दिवस भरदिवसा दिसत होता, असे लिहून ठेवले. जपानमधील एका सरदार कवीच्या रोजनिशीतही पुढे त्याचा उल्लेख आला. आज त्या जागी खेकडा तेजोमेघ आहे आणि त्याच्या पोटात सेकंदाला सुमारे तीस फेऱ्या घेणारा स्पंदक तारा, म्हणजे पल्सार आहे. नऊशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या नोंदीशिवाय या ताऱ्याचे वय इतक्या नेमकेपणाने सांगता आले नसते.

जैन परंपरेतही अशी वही आहे. अर्धमागधीतील ‘सूर्यप्रज्ञप्ती’ आणि ‘चंद्रप्रज्ञप्ती’ हे ग्रंथ सूर्यचंद्रांच्या गतीचा हिशोब मांडतात. त्यांतील विश्वरचना आजच्या विज्ञानाची नव्हे, परंतु मोजणीची चिकाटी थक्क करणारी आहे. पाच वर्षांचे एक युग, त्याचे १८३० दिवस, त्यात चंद्राचे ६२ चांद्रमास आणि ६७ नक्षत्रमास असे ते गणित. १८३० ला ६२ ने भागले की महिना साडेएकोणतीस दिवसांहून किंचित मोठा येतो. आजच्या सूक्ष्म मापाशी ताडून पाहता ही चूक दिवसाच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी भरते!

पुढील काळात या वहीत परदेशी पानेही जोडली गेली. दिल्लीच्या सुलतान फिरोजशहा तुघलकाच्या दरबारी महेंद्रसूरी नावाचे एक जैन आचार्य होते. भरूचचे मदनसूरी हे त्यांचे गुरू. ताऱ्यांची उंची मोजून वेळ सांगणारे ‘अस्तरलाब’ हे यंत्र ग्रीकांकडून अरब-इराणी विद्वानांकडे आणि तेथून भारतात आले होते. महेंद्रसूरींनी १३७० साली त्या यंत्रावर संस्कृतातील पहिला ग्रंथ लिहिला आणि यंत्राला ‘यंत्रराज’ असे नाव दिले. परधर्मीयाच्या दरबारी बसून, परभाषेतील विद्या समजून घेऊन, ती आपल्या भाषेत आणताना या आचार्यांना आपला वारसा उणा होतो असे वाटले नाही. उसन्या ज्ञानाला राजाचा मान देण्याचे औदार्य त्यांच्याजवळ होते.

खोडदला आज तेच चालले आहे. भारतीय आणि जपानी शास्त्रज्ञांचा ‘इंडियन पल्सार टायमिंग अॅरे’ हा एकत्रित गट जीएमआरटीच्या साह्याने स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवतो. त्यात जपानच्या कुमामोतो विद्यापीठातील मंडळी आहेत. हे तारे घड्याळासारखे नियमित. त्यांच्या ठोक्यांत सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाहूनही लहान मागेपुढे झाले, तर अवकाशातून गुरुत्वीय लहर गेल्याचा तो संकेत असू शकतो. २९ जून २०२३ रोजी या गटाने युरोपीय सहकाऱ्यांसमवेत अशा मंद, प्रचंड लहरींची चाहूल लागल्याचे पुरावे जाहीर केले. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीनमधील गटांनीही त्याच दिवशी आपापले निष्कर्ष मांडले. ‘पाहुण्या ताऱ्या’ची नोंद करणाऱ्यांचे आणि चांद्रमास मोजणाऱ्यांचे वारस एकाच वहीत लिहीत आहेत. आशियाई संस्कृतीचा याहून खरा उत्सव कोणता?

सात खोल्या आणि एक पोढी

गोविंद स्वरूप यांची पहिली दुर्बीण कल्याणला होती आणि शेवटची मोठी दुर्बीण जुन्नर तालुक्यात झाली. हा योगायोगच. परंतु ही वाट दोन हजार वर्षे जुनी आहे. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून व्यापारी नाणेघाट चढत आणि जुन्नरला येत. खोडद पाहिलेल्या प्रवाशाने जुन्नर गाठून आणखी पश्चिमेला घाटमाथ्यावर जावे. दगडात कोरलेली ती अरुंद खिंड आणि जकातीचा मानला जाणारा दगडी रांजण आजही आहे.

घाटातील लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेशी निगडित प्राकृत शिलालेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी यांची त्यात जंत्री आहे. दानाचे आकडे शब्दांत न लिहिता अंकचिन्हांनी लिहिले आहेत आणि म्हणून हा लेख भारतीय अंकांच्या इतिहासात फार मोलाचा ठरतो. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात या अंकांचा कसून अभ्यास केला. तेव्हा शून्य आणि स्थानमूल्य यांची रीत नव्हती. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे होती. या आणि अशा खुणांतून घडत गेलेले अंक पुढे अरबांमार्फत जगभर गेले. आज खोडदच्या संगणकांत धावणाऱ्या आकड्यांचे एक मूळ त्याच तालुक्यातील या खडकावर आहे.

जुन्नरच्या भोवतीच्या डोंगरांत लेण्यांची गर्दी आहे. लेण्याद्री, तुळजा, शिवनेरी आणि मानमोडी येथील लेखांत दात्यांची नावे वाचावीत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढ्या दिल्या. चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. समुद्रापलीकडून आलेली ही माणसे येथे व्यापार करून नुसता नफा घेऊन गेली नाहीत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी दिली. बांबूचे काम करणारे आणि काशाची भांडी घडवणारे यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवून तिच्या व्याजातून धर्मकार्य चालवण्याची व्यवस्थाही येथे नोंदलेली आहे. मानमोडीतील मूळच्या बौद्ध लेण्यांचा पुढे जैनांनी उपयोग केला आणि नेमिनाथांची यक्षी अंबिका हिच्या नावाने तो लेणीसमूह ओळखला जाऊ लागला. एकाने खोदले, दुसऱ्याने जपले.

धान्यव्यापाऱ्यांच्या त्या श्रेणीतील कोणाचेही नाव त्या लेखात नाही. पोढीचे पाणी कोण पिणार, तो कोठून येणार, कोणती भाषा बोलणार, हे त्यांनी विचारले नाही. वाटसरूला पाणी आणि निवारा मिळावा एवढाच हेतू होता.

मौनाची किंमत

खोडदही जगाला असेच काही देत आहे. पाण्याऐवजी मौन. मात्र येथे एक भेद विसरता येणार नाही. श्रेणीने आपल्या राजीखुशीने दिले होते. खोडद आणि पंचक्रोशीच्या मौनामागे नियम आहेत. दुर्बिणीच्या परिसरात कारखाना काढायचा, मनोरा उभा करायचा, तर परवानगीची अट आड येते. ज्या विजेच्या, दळणवळणाच्या आणि उद्योगाच्या सोयींनी इतर तालुके पुढे गेले, त्या येथे जपून, मोजून आल्या.

पुणे-नाशिक रेल्वेच्या प्रश्नात हा ताण उघड झाला. नारायणगाव, मंचर भागातील शेतकरी आणि व्यापारी कित्येक वर्षे या रेल्वेची वाट पाहत होते. टोमॅटो नाशवंत, कांद्याचा भाव चंचल. वेळेवर पोहोचलेला माल आणि उशिरा पोहोचलेला माल यांतील फरक नारायणगावच्या आडत्याला तोंडपाठ असतो. परंतु नियोजित मार्ग दुर्बिणीजवळून जाणारा होता आणि विजेवर धावणाऱ्या गाड्यांच्या ठिणग्यांतून रेडिओ लहरींचा गोंगाट होतो. हा मार्ग मान्य झाला नाही आणि रेल्वे दुसऱ्या बाजूने नेण्याचा विचार पुढे आला. एका बाजूला जगात मोजक्याच ठिकाणी शक्य असलेले विज्ञान, दुसऱ्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहणारा शेतमाल. यांपैकी कोणतीही बाजू खोटी नाही.

व्यापारी मनुष्य अशा वेळी वही उघडतो. जगाच्या खात्यात काय जमा झाले, हे स्पष्ट आहे. आठ अब्ज वर्षांपूर्वीचा हायड्रोजन, मंगळावरून आलेला आवाज, गुरुत्वीय लहरींची चाहूल. ते कोणाच्या नावे पडले, हे मात्र फारसे लिहिले जात नाही. शोधनिबंधांखाली शास्त्रज्ञांची नावे येतात, विद्यापीठांची येतात, दुर्बिणीचे येते. ज्यांच्या बांधाला लागून तबकडी उभी आहे त्या शेतकऱ्याचे आणि रेल्वेवाचून राहिलेल्या बाजारपेठेचे येत नाही. नियमाने मागितलेल्या मौनालाही दानाची प्रतिष्ठा देता येते. त्यासाठी घेणाऱ्याने ऋण मान्य करावे लागते आणि ते कोठेतरी फेडावे लागते. चांगले रस्ते, शीतगृहे, शाळांतील प्रयोगशाळा, गोंगाट न करणारे उद्योग असे फेडीचे मार्ग अनेक आहेत.

जत्रेचा दिवस

या ऋणाची थोडी फेड २८ फेब्रुवारीला होते. रामन यांनी १९२८ साली याच दिवशी आपला शोध जाहीर केला, म्हणून हा विज्ञान दिन. एरवी पूर्वपरवानगीने पाहावा लागणारा खोडदचा परिसर या वेळी सर्वांना खुला असतो. प्रवेशापाशी मोबाइल बंद करावे लागतात. हजारोंचा जमाव आणि एकही फोन वाजत नाही, हा अनुभवही आज दुर्मीळ झाला आहे.

मांडवात शाळा-महाविद्यालयांतील मुलांनी केलेले प्रयोग मांडलेले असतात. ठिबक सिंचनाचे यंत्र, बिबट्याची चाहूल देणारी घंटा, सौर चूल. जुन्नरच्या उसात बिबट्यांचा वावर असल्याने ती घंटा येथे खेळणे ठरत नाही. पुण्याच्या केंद्रातील संशोधक तबकडीखाली उभे राहून मराठीत प्रश्नांची उत्तरे देतात. एखादी आजी विचारते, “एवढ्या लांबचं ऐकू येतं, तर पाऊस कधी ते सांगत नाही का हे?” संशोधकाला हसू येते, पण उत्तर नीट द्यावे लागते, कारण प्रश्न शेतकऱ्याच्या घरातला आणि म्हणून अगदी रास्त असतो.

खोडदला जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांनी पुण्याहून पहाटे निघावे. दुपारपर्यंत दुर्बीण पाहून होते. जुन्नरची लेणी आणि नाणेघाट यांसाठी दुसरा दिवस राखून ठेवणे बरे. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांनी शिदोरी बरोबर घ्यावी, घाटमाथ्यावर सोय नाही. मुलांना तीन गोष्टी मुद्दाम दाखवाव्यात. खोडदला तारेची जाळी, नाणेघाटात दगडावरचे अंक आणि लेण्यांबाहेरच्या पाण्याच्या पोढ्या. त्यांतल्या काही पोढ्यांत आजही पाणी असते.

परतीच्या वाटेवर नारायणगावला चहासाठी गाडी थांबते. फोन पुन्हा सुरू होतात आणि साठलेले निरोप एकदम येऊन कोसळतात. बाजारात गाड्या भरण्याचे काम चालू असते. पूर्वेकडे, शेतांच्या पलीकडे, तीस तबकड्या सावकाश वळून एकाच ताऱ्याकडे तोंड करतात. त्या रात्रीचे निरीक्षण कदाचित कुमामोतोतील एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधात जाईल. त्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर, ऋणनिर्देशात, खोडद या गावाचे नाव असावे. सात खोल्या आणि एक पोढी देणाऱ्या श्रेणीची नोंद खडकावर झाली, तेवढी नोंद खोडदच्या मौनाचीही व्हायला हवी.